अंगणात चहाला या

‘जेवायला या’ म्हटलं की समोरचं माणूस जरा सावरून बसतं. वार कुठला, कुणाचा उपास आहे का, सगळ्यांनी जायचं की दोघांनीच, हातात काय न्यायचं आणि मग आपण त्यांना कधी बोलवायचं, असा हिशेब त्याच्या मनात सुरू होतो. ‘चहाला या’ म्हटलं तर तेच माणूस ‘किती वाजता?’ एवढंच विचारतं. आपल्याकडच्या सगळ्या आमंत्रणांत हे सगळ्यात लहान आमंत्रण आहे आणि माझ्या मते म्हणूनच ते सगळ्यात लांबवर पोचतं.

त्याचा नकारही म्हणूनच झोंबतो. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधी पक्षाला चहापानाला बोलावतात आणि विरोधक बहुतेक वेळा त्यावर बहिष्कार घालतात. ही बातमी मी लहानपणापासून वाचत आले आहे. जेवणाला नाही म्हणायला शंभर कारणं सापडतात, पण चहाला नाही म्हटलं की त्यामागचं कारण सगळ्यांनाच कळतं.

आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं, बसकं, पुढे अंगण असलेलं. अंगण म्हणजे फार मोठं नव्हे. एक आंबा, कुंपणाला लागून जास्वंदीची ओळ, कोपऱ्यात शेवगा, नळाशी गवती चहाचं बेट आणि मधोमध शहाबादी फरशीचा चौकोन. आजूबाजूच्या बऱ्याच घरांच्या आता इमारती झाल्या. त्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या छान राहतात, पण माणसांना टेकायला जागा नाही. त्यामुळे आमच्या अंगणाची मला फार किंमत वाटते. दरवर्षी रथसप्तमीनंतरच्या रविवारी आम्ही इथे चहा करतो. गल्लीतले सगळे येतात.

याची सुरुवात हळदीकुंकवातून झाली. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं व्हायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करायची मोकळीक असल्यामुळे गल्लीतल्या बायका दिवस वाटून घ्यायच्या आणि आमचा दिवस ठरलेला असायचा. सासूबाईंना, म्हणजे आईंना, त्याची फार हौस. तिळगूळ त्या स्वतः वळायच्या, वाण काय लुटायचं याचा विचार दिवाळीपासून चालायचा. मग सासरे गेले. पुढच्या संक्रांतीला पाक आईंनीच केला, लाडू त्यांनीच वळले, आणि बायका यायची वेळ झाली तशा त्या उठून आतल्या खोलीत जायला लागल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. सांगायची गरजच पडू नये इतका तो रिवाज अंगात मुरलेला असतो. मी त्यांना हाताला धरून बसवून घेतलं, पण त्या अवघडून बसल्या आणि कुंकवाचा करंडा आला की बघणारीही अवघडत होती. त्या रात्री भांडी आवरताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वाण-बिण नको. नुसता चहा कर. म्हणजे मलाही बाहेर बसता येईल.”

एवढं एकच वाक्य. त्यांना कुठली सुधारणा करायची नव्हती, त्यांना आपल्या अंगणात बसायचं होतं.

पुढे मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांबाबतच्या प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. तो ठराव पेपरात वाचून आईंनी तो कागद घडी करून गीतेच्या पुस्तकात ठेवला. आता काही ठिकाणी विधवांना मानानं बोलावून हळदीकुंकू करतात, मला त्याबद्दल आदर आहे. पण आमच्या चहाचा रस्ता जरा निराळा पडला. हळदीकुंकू कुणालाही दिलं तरी येणारी बाई कुणाची कोण, हा प्रश्न ताटात येऊन बसतोच. चहाला तो विचारावा लागत नाही. लग्न न झालेली मुलगी, नवरा सोडून माहेरी आलेली बाई, एकटे राहणारे निवृत्त मास्तर, समोरच्या इमारतीत भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं, सगळ्यांना एकच निरोप जातो.

मात्र चहा म्हणजे आपोआप सगळ्यांचा, असं म्हणण्याइतका त्याचा इतिहास सोपा नाही. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं चहापान १८९० साली पुण्यात झालं, गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी तो घाट घातला होता. पुण्यातली नामवंत मंडळी व्याख्यानाला म्हणून जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप समोर ठेवला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात काहूर उठलं. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद उभा राहिला. कुणाच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेनात, कुणाच्या घरची कार्यं अडली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, ते मुख्यतः बरोबरच्या मित्रांची अडचण सुटावी म्हणून. या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी कपभर चहा होता. जेवणाची पंगत असती तर निम्मी मंडळी आधीच आली नसती. चहा इतका किरकोळ की त्याला नाही म्हणणं अवघड गेलं आणि त्या किरकोळ गोष्टीनं दोन वर्षं पुणं हलवलं.

आमच्या कोल्हापूरची गोष्ट मला याहून जवळची आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. स्वच्छ, नीटनेटकं, चांगला चहा देणारं हॉटेल, आणि गिऱ्हाईक येईना. महाराजांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलसमोर थांबवायला सुरुवात केली. गंगाराम, चहा आण, अशी रस्त्यावरून हाक. स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायचा. राजानं दिलेला कप खाली कोण ठेवणार? पुढे महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं राहिलं ते गंगारामांच्या पुढाकारानं. आरक्षणाचा जाहीरनामा, वसतिगृहं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण ही महाराजांची मोठी कामं शाळेच्या पुस्तकात आहेत. पण रस्त्यात गाडी थांबवून चहा मागणं मला त्याच रांगेतलं वाटतं. हा हुकूम काढून होणारा बदल नव्हे. रोज जाऊन, रोज घोट घेऊनच तो करावा लागतो.

हे एवढं लांबून सांगायचं कारण कप. आमच्या अंगणात पहिल्या वर्षी जमवाजमव चालली होती तेव्हा गल्ली झाडणाऱ्या मावशींना बोलवायचं ठरलं. त्यांच्यासाठी वेगळा कप काढावा असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण एका घरून निरोप आला की कागदी कपच आणा ना, सगळ्यांनाच सोयीचे. सोय कशाची ते मला समजलं. गावोगावच्या हॉटेलांत बाहेरच्या वळचणीला उलटा टांगलेला वेगळा कप आईंनी स्वतः पाहिलेला आहे आणि तो काही शतकांपूर्वीचा काळ नव्हे. त्या उठल्या, कपाटातला लग्नातला चिनी मातीचा संच काढला, धुऊन पुसून टेबलावर मांडला. म्हणाल्या, “हे आपले. बाकीचे गल्लीतून गोळा करा. कुणाचा कप कुणाला जाईल ते बघायचं नाही.” तेव्हापासून कपबश्या सगळ्या घरांतून येतात. निळ्या काठाच्या, गुलाबाच्या फुलांच्या, कंपनीनं दिवाळीत दिलेल्या, एक कान तुटलेल्या. धुताना सगळ्या एकाच घमेल्यात. परत देताना घोळ होतो, काहींची अदलाबदल कायमची झाली आहे आणि ते आम्हाला चालतं.

आता प्रत्यक्ष चहाबद्दल, कारण साधा म्हणून तो कसाही करून चालत नाही. लोकांना फक्त चहालाच बोलावलं असेल तर चहा उत्तमच व्हायला हवा, याबाबत मी हट्टी आहे.

पंचवीसेक माणसं धरली तर दोन लिटर पाणी, दीड लिटर म्हशीचं दूध आणि सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम चहा पावडर. आपल्या कपात अर्धाच कप घालायचा म्हटलं तर यात तीसएक कप निघतात, म्हणजे काहींना दुसऱ्यांदाही मिळतो. आधी पाण्यात गवती चहा. पाती विळीवर चिरण्यापेक्षा सात-आठ पाती एकत्र धरून त्यांची गाठ मारावी आणि अख्खी गाठ आधणात टाकावी, म्हणजे गाळण्यात तुकडे अडकत नाहीत. पातीची कड धारेची असते, कापताना बोट जपावं. आलं ठेचून त्याच आधणात आणि ते पाण्यात चांगलं उकळल्याशिवाय दूध घालायचं नाही. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं फोडणारं द्रव्य असतं, उकळीनं ते निकामी होतं. घाईघाईत आलं दुधानंतर टाकलं की चहा फुटतो आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्याला जातो. आलं उकळलं की पावडर, ती दोन-तीन मिनिटं उकळू द्यायची, मग वेगळं तापवलेलं दूध. दूध गार घातलं तर उकळी मोडते आणि पुन्हा उकळेपर्यंत पावडर कडवट होत जाते.

ही उकळण्याची पद्धत आपल्याला जमते ती पावडरीमुळे. १९३०च्या सुमारास आसामात एक यंत्र आलं, पानं चिरडून, फाडून त्यांचे गोल दाणे करणारं. सीटीसी म्हणतात तो हा चहा. त्याचा रंग लगेच उतरतो, दुधाला पुरून उरतो आणि किलोमागे कप जास्त निघतात, म्हणून तो गरिबालाही परवडला. त्याआधी १९०३ पासून चहाच्या निर्यातीवर उपकर होता आणि त्या पैशातून चहाचा प्रचार व्हायचा. मंदीनंतर परदेशातली गिऱ्हाइकी मंदावली तेव्हा हा प्रचार आपल्याकडे जोरात सुरू झाला. जत्रेत, बाजारात, गाड्यांवरून लोकांना चहा करून पाजायचे. व्यापाऱ्याचा स्वार्थ त्यात उघड होता. पण अनोळखी माणसाला कप भरून देण्याची रीत तिथूनही आपल्याकडे आली, असं मला वाटतं, आणि ती रीत आपण व्यापाऱ्यापेक्षा चांगली वापरली.

साखर मी चहात घालत नाही, वेगळी ठेवते. गल्लीत मधुमेह असलेले पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा ‘फिका’ कप आणून दिला की ते माणूस एकदम आजारी ठरतं. साखर प्रत्येकानं आपल्या हातानं घेतली की हा भेद राहत नाही. दुसऱ्या पातेल्यात गुळाचा कोरा चहा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत इकडे गुऱ्हाळं जोरात असतात, ताजा गूळ मिळतो. गूळ घातलेल्या चहाला दूध लावायला गेलं तर तो फुटायची भीती, म्हणून तो कोराच बरा. गवती चहा, थोडी सुंठ आणि खाली उतरवताना गूळ. आईंच्या लहानपणी घरोघरी असाच असायचा, दूध विकायला जायचं आणि घरात कोरा उरायचा. त्या काळी तो नाइलाज होता. आज गल्लीतली कॉलेजची मुलं पहिल्यांदा त्याच पातेल्याकडे जातात हे बघून आई खूश होतात.

खायला भडंग. कोल्हापूर-सांगली भागात चहाबरोबर दुसरं काही सुचतच नाही. लसूण ठेचून तेलात कुरकुरीत झाली की शेंगदाणे, कढीलिंब, हळद, तिखट, मग चुरमुरे, वरून मेतकूट आणि मीठ. सकाळी करून डब्यात भरून ठेवलं की संध्याकाळी कामच नाही. बरोबर बेकरीतले बटर. बस्स. एका वर्षी कुणी तरी ढोकळा, कटलेट, केक असा बेत सुचवला होता, आईंनी सौम्यपणे पण ठामपणे नको म्हटलं. कारण आज आपण केक ठेवला की उद्या बोलावणाऱ्याला केक ठेवावा लागतो आणि ज्याला जमणार नाही तो बोलवायचंच टाळतो. साधेपणा हा इथे सजावटीचा भाग नाही. पाहुण्याला उलट बोलावणं परवडलं पाहिजे, तरच पाहुणचार दोन्ही बाजूंनी चालतो.

वेळ साडेचारची. या दिवसांत सूर्य सव्वासहानंतर मावळतो, तोवर आंब्याखाली ऊन-सावली छान असते. त्यानंतर डास येतात, म्हणून कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवते, पण सहाला आवरलेलंच बरं. बसायला सतरंज्या, लोखंडी खुर्च्या, आईंसाठी बाजलं, समोरच्या इमारतीतून उचलून आणलेली बाकडी. खुर्च्या गोल मांडायच्या नाहीत असं मी शिकले. गोल मांडल्या की सभा होते, एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इकडे तिकडे दोन-दोन, तीन-तीन ठेवल्या की माणसं आपसूक सरकतात. मास्तर मुलांशी परीक्षेवर बोलत बसतात, बायका आंब्याला मोहोर यंदा कमी का यावर, आणि पातेल्याजवळ चहा ओतायला नेहमी कुणी तरी पुरुष उभा असतो. तो नियम गल्लीतल्या बायकांनी केला आहे. चहा मी करते, पण ओतायचा पुरुषांनी.

अंगण असल्यानं आणखी एक गोष्ट सोपी होते. उंबरा ओलांडून घरात येणं काही माणसांना अजूनही जड जातं. सिक्युरिटीचा काका, इस्त्रीवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, हे फाटकाशी उभे राहून बोलतात, आत या म्हटलं तर ‘असू दे की’ म्हणतात. अंगण धड घरात नाही आणि धड रस्त्यावरही नाही. तिथे ते येतात. पहिल्या वर्षी मावशी फाटकाजवळच्या फरशीवर टेकल्या होत्या. आई बाजल्यावरून उठल्या आणि त्यांच्याशेजारी फरशीवर जाऊन बसल्या, गुडघे दुखत असताना. दोघीही विधवा, दोघी बशीत ओतून चहा पिणाऱ्या. बोलणं रंगलं ते माहेरच्या गावांवरून. दुसऱ्या वर्षी मावशी सरळ येऊन बाजल्यावर बसल्या.

आई आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओतलेला चहा बशीत थरथरतो, म्हणून कुणी तरी बशी धरतं. वाण लुटायची त्यांची हौस मात्र गेलेली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की बाप्या, त्या गवती चहाचा एक ठोंब देतात, ओल्या कागदात गुंडाळून. पावसाळ्यापर्यंत कुंडीत जगवा, मग जमिनीत लावा, असं सांगतात. एका बेटातून सुटे करून किती तरी ठोंब निघतात आणि मूळ बेट आणखी दाट होतं. गल्लीतल्या बऱ्याच बाल्कन्यांत आता आमच्या नळाजवळचा गवती चहा आहे.

या वर्षीचा चहा झाला त्याच संध्याकाळी, घमेल्यात कपबश्या धूत असताना मावशी म्हणाल्या, “वैनी, पुढच्या ऐतवारी माझ्याकडं या की समदी. माझ्या दारात बी जागा हाय, लिंबाची सावली हाय.” मी लगेच हो म्हटलं. किती जण येतील हे त्यांनी बोटांवर मोजलं, मग आईंकडे बघून म्हणाल्या, “पर येताना कपबश्या घिऊन या. माझ्याकडं सहाच हायती.” आईंनी धुतलेला संच पुन्हा कपाटात जाऊ दिला नाही. तो टोपलीत भरून दाराशी ठेवला आहे, आणि भडंग कुणी न्यायचं यावर सकाळपासून फोन चालू आहेत.